दान : सोडणे आणि सोपविणे



मलकापूरकडून बुलडाण्यास जाणारे, तसेच राजूर घाट उतरून खाली येणारे अनेक यात्रेकरू मोताळ्यास थांबतात, देवदर्शन घेतात आणि निघण्यापूर्वी देणगी कक्षाच्या खिडकीशी येतात. तेथे सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : किती रक्कम दिली असता नावाची पाटी लावण्यात येते? या प्रश्नात काही वावगे आहे असे आम्ही मानीत नाही. तथापि त्याच्या पोटात आणखी काही प्रश्न दडलेले आहेत आणि ते खिडकीशी उभे राहून सुटणारे नाहीत. पूजा, अभिषेक व निवासव्यवस्थेची माहिती या पुस्तिकेत अन्यत्र दिलेली आहेच; या पानांत दान या कर्माविषयी थोडा विचार मांडावा, असे योजिले आहे.

धर्मशास्त्रकारांनी दानाची जी व्याख्या केली आहे, ती मोठी नेमकी आहे. एखाद्या वस्तूवरील आपले स्वामित्व संपविणे आणि त्याच वस्तूवर दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी घडल्या म्हणजे दान पूर्ण होते. वस्तू रस्त्यावर टाकून दिली तर आपले स्वामित्व संपले खरे, पण त्यास कोणी दान म्हणणार नाही. वस्तू दुसऱ्याच्या हाती ठेविली, परंतु तिच्यावरील आपला अधिकार मनातून सुटला नाही, तर तेही दान नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या आपल्या ग्रंथात दानखंड हा एक मोठा भागच रचला. ज्याच्या नावावरून आपल्याकडील जुन्या दगडी मंदिरांना हेमाडपंती म्हणण्याची रीत पडली, तोच हा हेमाद्री. तुळापुरुषासारख्या ज्या महादानांचे विधी त्या ग्रंथात सांगितले आहेत, ते आज जवळजवळ लयास गेले. दोन अटींची ही साधी व्याख्या मात्र कोणत्याही काळातील दात्यास उपयोगी पडावी अशी आहे.

आपल्या भागातील शेतकऱ्याने हे ग्रंथ वाचलेले नव्हते. त्याचे शिक्षण खळ्यावर झाले. ज्वारीची कणसे खुडून झाली की खळे सारवून तयार होई, मधोमध तिवडा उभा राही, बैलांची पाथ फिरे आणि वारे सुटले की उफणणी चाले. धान्याची रास पडली म्हणजे प्रथम तिची पूजा. त्यानंतर घरातील कणगीत एकही दाणा जाण्यापूर्वी वाटे निघत. देवाचा वाटा, गोसाव्याचा, वासुदेवाचा, सुताराचा, लोहाराचा, न्हाव्याचा. मुलाबाळांच्या हातून पसाभर धान्य मागणाऱ्याच्या झोळीत घातले जाई, आणि त्या लहानग्यास पुढे आयुष्यभर हे ठाऊक असे की रास आपल्या घराची असली तरी सगळी आपली नसते. कापसाच्या पहिल्या वेचणीस सीतादही करून मगच वेचणीला हात घालण्याची वऱ्हाडातील चालही याच भावनेतून आलेली आहे.

या सर्वांत आम्हांस विशेष वाटते ती सरवा वेचण्याची रीत. कापणी झाल्यावर शेतात गळून राहिलेली कणसे मालकाने उचलायची नाहीत, ती गरीब बायाबापड्यांनी वेचून न्यावयाची, असा अलिखित संकेत होता. येथे देणारा समोर नाही. घेणारीस कोणापुढे हात पसरावा लागत नाही. कोणी किती नेले याची नोंद नाही आणि कोणाचे आभारही नाहीत. व्याख्येतील दोन्ही अटी इतक्या सहजपणे पूर्ण करणारा दुसरा प्रकार आमच्या तरी पाहण्यात नाही.

दानवृत्ती घरातून व रीतीभातीतून घडते, असे म्हणतात ते याच अर्थाने. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि मनुष्य यांचा ऋणी असतो, हा शतपथ ब्राह्मणातील विचार विद्वानांनी पोथीत जपला. कुणब्याने तो सुपात जपला. दोन्हीकडे देण्यामागील भावना उपकाराची नसून फेडीची आहे.

परंतु खळ्याचे हे चित्र केवळ गोड करून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्याला आपण वाटा म्हणतो, तो घेण्यासाठी गावातील काही माणसांना खळ्यापासून दूर उभे राहावे लागे. वर्षभर राबवून घेतलेल्या कामाचा तो मोबदला होता, आणि तरीही तो भीक घातल्यासारखा वरून टाकला जाई. धान्य त्यांच्या पदरात पडे, पण त्यावरील त्यांचा हक्क मान्य केला जात नसे. व्याख्येची दुसरी अट येथे मोडली जात होती. दान देणाऱ्या समाजास हे शतकानुशतके दिसू नये, ही गोष्ट आपणां सर्वांस अंतर्मुख करणारी आहे. संत चोखामेळा यांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे मेहुणा राजा हे गाव आपल्याच जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात आहे. चोखोबांची समाधी पंढरीस महाद्वारासमोर आहे. तरी त्यांच्या जातिबांधवांना त्या महाद्वारातून आत जाण्यासाठी १९४७ सालची, साने गुरुजींनी केलेल्या उपोषणाची वाट पाहावी लागली. मधल्या काळात त्या मंदिरास देणग्या देणाऱ्यांची उणीव नव्हती.

हा दोष ज्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिला, ते श्री संत गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव येथे. हाती खराटा, डोक्यावर गाडगे. गावात शिरताच ते प्रथम गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या आरंभीच्या लोककार्यांत ऋणमोचन येथील घाटाची गणना होते. हे क्षेत्र पूर्णेच्या काठी आहे. आपल्या मोताळ्याच्या परिसरातून वाहणारी नळगंगा पुढे ज्या पूर्णेस मिळते, तीच ही नदी. यात्रेकरूंना चिखलातून, घसरड्या काठावरून पाण्यापर्यंत जावे लागे, ही अडचण बाबांनी पाहिली आणि तेथे घाट बांधण्याचे काम हाती घेतले. ऋणातून सोडविणारे तीर्थ अशी ज्याची ख्याती, तेथे डुबकी मारून स्वतःचे ऋण फेडण्याऐवजी इतरांच्या पायाखाली पायरी ठेवण्याचे त्यांना सुचले. आमच्या मते बाबांचे अवघे तत्त्वज्ञान या एका गोष्टीत आहे.

पुढे त्यांनी नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा उभारल्या. पैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही ज्यांना अन्यत्र थारा मिळत नसे, त्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी होती. १९४९ साली ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविण्यात आली. हे सोपविणे आम्हांस बांधण्याहून मोठे वाटते. ज्यांच्यासाठी वास्तू बांधली, त्यांच्याच संस्थेच्या हाती तिची मालकी गेली. या धर्मशाळांत स्वतःसाठी किंवा कुटुंबीयांसाठी बाबांनी कोणताही हक्क राखून ठेवला नव्हता. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा लाखो रुपयांच्या वास्तू उभारणाऱ्या या पुरुषाच्या मागे स्वतःचे असे काही उरले नाही.

आता व्याख्येच्या पहिल्या अटीकडे वळू. जे द्यावयाचे ते आधी आपले असावे लागते. हे बोलण्यास सोपे आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी अठराव्या शतकात काशीपासून रामेश्वरापर्यंत मंदिरे, घाट, विहिरी व अन्नछत्रे उभारली. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला. या धर्मकार्याचा खर्च त्यांनी राज्याच्या खजिन्यातून न करता खासगीच्या, म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांकडे स्वतंत्रपणे असलेल्या उत्पन्नातून केला. राज्यकर्त्याने प्रजेच्या पैशाने पुण्य जोडू नये, ही जाणीव त्या काळी किती जणांस होती? आजही सार्वजनिक निधीतून झालेल्या कामावर स्वतःचे नाव कोरून घेण्याचा मोह अनेकांस आवरत नाही, म्हणून हा दाखला जुना होत नाही.

या पहिल्या अटीचा विचार करावयास आम्हांस एका प्रसंगाने भाग पाडले, तो येथे संकोच न बाळगता सांगतो. काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका खेड्यातील शेतकरी पत्नीसह आला. मुलाच्या आजारपणात नवस बोलला होता, मूल बरे झाले, नवस फेडावयाचा होता. त्याने बऱ्यापैकी रक्कम खिडकीत ठेवली. आमच्या सेवकाने पावती केली, प्रसाद दिला, दोघे समाधानाने गेले. पुढे कळले की त्या वर्षी कपाशी हातची गेली होती आणि ती रक्कम त्याने व्याजाने उचललेली होती. विश्वस्त मंडळात यावर बराच वाद झाला. काहींचे म्हणणे असे की, भक्त आणि देव यांच्यामधील व्यवहारात आपण कोण पडणार? श्रद्धेने दिलेले नाकारणे हाही अपमानच. काहींना ती रक्कम परत करावी असे वाटे. परंतु सार्वजनिक न्यासाच्या हिशेबात एकदा जमा झालेला पैसा विश्वस्तांच्या मनात आले म्हणून काढून देता येत नाही. त्या दिवशी कोणीही चूक केली नव्हती, आणि तरीही काहीतरी चुकले होते.

या प्रसंगाचा सल आमच्या मनात राहिला त्यास कारण आहे. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलडाणा जिल्हाही होता. ज्या मुलखात कर्ज हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, तेथे कर्ज काढून केलेले दान देवाच्या नावे स्वीकारणे कितपत योग्य? गाडगेबाबा आपल्या कीर्तनांत कर्ज काढून सण, लग्न व तीर्थयात्रा करू नका म्हणून कळकळीने सांगत. त्यात कंजूषपणाचा उपदेश नव्हता. सावकाराचा पैसा देवाच्या पेटीत टाकला तर तो मुळात आपला नसल्यामुळे दानाची पहिली अटच पुरी होत नाही, आणि फेड करावी लागते ती लेकराबाळांना.

यावर एक आक्षेप येतो व तो विचारात घेण्याजोगा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. त्यांचा त्याग आपण आदराने स्मरतो. मग या शेतकऱ्याच्या त्यागास का अडवावे? ऐपतीबाहेर दोघांनीही दिले. आम्हांस त्यात दोन भेद दिसतात. लक्ष्मीबाईंनी जे दिले ते सर्वस्वी त्यांचे होते. आणि त्यांच्यासमोर सर्व जातींची, एकत्र राहून एकत्र जेवणारी भुकेली मुले होती. त्यांच्या मनात भय नव्हते. आमच्या शेतकऱ्याच्या मनात नवस न फेडल्यास काय होईल, याची धास्ती होती. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना, मनाला क्लेश होत असता किंवा फळाची अपेक्षा धरून दिलेल्या दानास राजस म्हटले आहे. नवसाचे दान पुष्कळदा त्याच जातीचे असते. देव आपल्या लेकरास तगाद्याने घाबरवील, ही कल्पना आपल्या संतपरंपरेस मानवणारी नाही, एवढे आम्ही नम्रपणे म्हणू. मात्र ज्याने नवस बोलला त्यास हे समजावणे सोपे नाही. आजारी लेकराच्या उशाशी बसलेला बाप व्याख्या शोधीत नाही.

नावाच्या पाटीचा प्रश्न अद्याप राहिलाच आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हातास कळू नये, असे आपण म्हणतो आणि फरशीवर नाव कोरून घेतो. ज्याचे नाव दगडावर राहिले त्याने दगड दिला, पण पुरता सोडला नाही, असे व्याख्येच्या आधारे म्हणता येईल. आमचेही मत एके काळी असेच कठोर होते. ते मवाळ होण्यास एक उदाहरण कारणीभूत झाले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांचे दान दिले आणि विद्यापीठास आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे अशी अट घातली. तेव्हापासून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. अट होती हे खरे. परंतु नाव स्वतःचे नव्हते. तेथे शिकलेल्या स्त्रियांच्या प्रमाणपत्रांवर एका स्त्रीचे नाव राहिले. आमच्या सभामंडपातील पाट्या पाहिल्या तर त्यांवरही बहुधा कैलासवासी आई-वडिलांचीच नावे आहेत. पितृऋणाची ती खूण होय. अशा पाटीस अहंकार म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र पाटीच्या आकारावरून भांडणे होतात, तेव्हा वाईट वाटते, आणि ती होतात.

आज खळी राहिली नाहीत. मळणीयंत्रातून सोयाबीन व मका थेट पोत्यात पडतो, पोते थेट बाजार समितीत जाते, आणि पैसा बँकेच्या खात्यात उतरतो. रास नाही, त्यामुळे राशीतला वाटा काढण्याचा क्षणही नाही. मुलांच्या हातून पसाभर धान्य घालण्याची संधी नाही. पुण्या-मुंबईस किंवा परदेशी नोकरीस गेलेली आपल्या गावची मुले सढळ हाताने देणग्या पाठवितात, त्यांच्याविषयी आम्हांस कृतज्ञताच आहे. पण त्यांचे देणे उत्पन्नातून आधी काढलेला वाटा नसून खर्च होऊन उरलेल्यातील असते, असे पुष्कळदा दिसते. हा दोष व्यक्तींचा नव्हे. जी रीत देणे शिकवीत होती ती गेली, आणि तिच्या जागी दुसरी अद्याप बसावयाची आहे.

तरी ती बसूच शकत नाही असे मात्र नाही. शेगावच्या श्री संत गजानन महाराज संस्थानात गावोगावचे हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन विनामूल्य सेवा करतात. शेतात घाम गाळणारा माणूस तेथे भक्तांची पादत्राणे सांभाळतो, पंगतीत वाढतो. पैशाऐवजी दिवस द्यावयाचा, ही ती रीत. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद घेण्यासाठी लाखांच्या संख्येने लोक एकाच वेळी पंगतीस बसतात आणि वाढण्याचे अन्न ट्रॅक्टरमधून फिरते. खळ्यापासून दूर उभे केले गेलेले आणि खळ्याचे मालक यांचे नातू तेथे मांडीला मांडी लावून जेवतात. पंगतीचे खरे महत्त्व आम्हांस पुरीपेक्षा त्यात वाटते.

आणखी एक अलीकडचे उदाहरण आपल्या जिल्ह्याचेच आहे. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यातील तलाव व धरणांतील गाळ काढण्यासाठी यंत्रे पुरविली, इंधनाचा भार शासनाने उचलला आणि गाळ शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने आपापल्या शेतांत वाहून नेला. शास्त्रात विहिरी, तळी, बागा व अन्नछत्रे यांच्या दानास पूर्त अशी संज्ञा आहे. हे आजच्या काळातील पूर्तच. एका परंपरेत वाढलेल्यांचा अपरिग्रह आणि दुसऱ्या परंपरेत वाढलेल्यांची मातीची ओढ येथे एकत्र आली. घेणाऱ्याने स्वतःचा ट्रॅक्टर लावला, त्यामुळे तो याचक राहिला नाही. तलावात पाणी साठले ते सर्वांचे आणि शेतात माती पडली ती ज्याची त्याची.

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आमच्या संस्थानाने काही बदल केले, ते दात्यांच्या माहितीसाठी नमूद करतो. नवसाची मोठी रक्कम घेण्यापूर्वी आमचा सेवक आता आदरपूर्वक एकच गोष्ट विचारतो : पैसे घरचे आहेत ना? उसनवारीचे असल्यास नारळ व अकरा रुपये घेऊन नवस फिटल्याचा अंगारा दिला जातो, आणि बाकी रक्कम त्याच्यासमक्ष त्याच्या घरच्या मंडळींच्या हाती देण्यात येते. यामुळे संस्थानाचे उत्पन्न थोडे घटले. काही भाविक नाराजही झाले. एका वृद्ध गृहस्थांनी, देवाने आजवर असे कधी विचारले नव्हते, असे आम्हांस सुनावले. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. प्रश्न विचारणे अद्याप चालू आहे.

देणगी कक्षाच्या डाव्या हातास एक मोठे सूप व पायली ठेवलेली आढळेल. पूर्वी ती केवळ शोभेची होती. आता ज्वारी, तूर, गहू, मका, जे घरचे असेल ते तेथे घालता येते. ते धान्य त्याच आठवड्यात अन्नछत्रात शिजते. पसाभर धान्य घालणाऱ्यासही पावती मिळते. तीवर रुपयांच्या रकान्यात काही लिहीत नाहीत, धान्याचे नाव लिहितात. लहान मुले बरोबर असल्यास धान्य त्यांच्या हातून घालावे, अशी विनंती आहे.